सात बावन्नची व्हॅन

'चेकरबाईंनी मोजलंय' असं कुणी म्हटलं की आमच्या गल्लीतला वाद तिथल्या तिथे मिटायचा. कुणाच्या भिंतीसाठी किती विटा आल्या आणि त्यातल्या किती गायब झाल्या, सभेला किती माणसं होती, कुणाच्या झाडाची किती फळं कुणाच्या अंगणात पडली, असल्या फालतू गोष्टींवरून आम्ही एकमेकांची डोकी फोडायला तयार असतो. बाई खिडकीशी बसलेल्या असायच्या. त्या आकडा सांगायच्या, आणि हरलेला माणूसही निमूट घरी जायचा.

बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी उभं राहून त्यांनी एकतीस वर्षं डबे मोजले. पट्टा थांबत नाही, म्हणून पेन्सिलही थांबवायची नाही. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की झाला पाचांचा जुडगा. मधला एखादा डबा तपासणीसाठी बाजूला काढायचा असेल तर त्याचीही रेघ मारायचीच, पण तिच्या डोक्यावर एक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे, हा मोजलाय पण धरायचा नाही. शेवटी वजा करायचा. ही पद्धत हातात इतकी मुरलेली की घरी वाटाणे सोलताना किडका दाणा दिसला तरी त्यांचं बोट टिंब द्यायला उठायचं म्हणे. हे त्यांचा नवरा सांगायचा. तो थापा मारण्यात पटाईत होता, पण ही थाप नसावी.

तो नवरा त्याच कारखान्यात गाडीवर माल चढवायचा. एकदा त्याच्या खेपेत तीन डबे कमी भरले. बाईंनी तीन कमी लिहिले आणि खाली सही केली. त्याला आठवडाभर घरी बसवलं. चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तो हसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "लग्न करताना मला वाटलं बायको करतोय, निघाली चेकर." तो माझा मित्र. म्हणून बाई मला भाऊजी म्हणतात आणि मी त्यांना वहिनी. तो जाऊन अकरा वर्षं झाली. बाई तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या बरोबर वर.

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. सरकारी कचेरीच्या फाटकाशी माझं टेबल असतं. ज्याला आपलं दुःख सांगता येतं पण लिहिता येत नाही, त्याचं दुःख मी एका पानात बसवून देतो. या धंद्यात एक वाईट सवय लागते. कोणतं वाक्य साहेबाला पटेल हे आधी सुचतं, आणि ते खरं आहे की नाही हे नंतर. मी स्वतःबद्दल हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी फसवलं म्हणायला नको.

नऊ वर्षांपूर्वी गल्लीच्या वरच्या टोकाला हायवेवरून उतरणारा रॅम्प झाला. तेव्हा आम्ही पेढ्यासारखे गोड हसत उद्घाटनाला उभे होतो. पहिली काही वर्षं बरी गेली. मग मोबाइलमध्ये रस्ता सांगणारी ती बाई आली. मोठ्या चौकात कोंडी झाली की ती प्रत्येक गाडीला सांगायची, रॅम्पवरून उतरा आणि डावीकडे वळा. डावीकडे म्हणजे आमच्या गल्लीत. त्या बाईचं आणि आमचं मागच्या जन्मीचं काय वैर होतं देव जाणे. सकाळी साडेसातपासून दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचपासून आठपर्यंत गल्ली गाड्यांनी गच्च भरायची. आमची घरं थेट रस्त्यावर उघडतात; तीन पायऱ्या, की लगेच रस्ता. दार उघडलं की समोर कुणाच्या तरी गाडीची काच आणि काचेत कपाळाला आठ्या घातलेला परका माणूस. तो आपल्या दाराकडे असा बघणार की आपणच त्याच्या वाटेत घर बांधलंय.

बाईंना याचा सगळ्यात जास्त जाच झाला. समोरच्या बेकरीतून पाव आणायला निघाल्या असताना एका गाडीचा आरसा पिशवीला लागला आणि त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने अंथरूण आणि मग वॉकर. चार पायांचा तो वॉकर घेऊन रस्ता ओलांडायला त्यांना चाळीस सेकंद लागायचे, आणि चाळीस सेकंदांची फट गल्लीत सकाळ-संध्याकाळ कधी पडायचीच नाही. मधल्या वेळी बाहेर पडायचं म्हटलं तर परत यायच्या आत पाच वाजतील ही धास्ती. हळूहळू त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. पलंग, स्वयंपाकघर, खिडकी. पलंगापासून खिडकी अकरा पावलं, हा आकडाही त्यांनीच मला सांगितला.

आता मुलाबद्दल. त्यांना एकच मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हायवेच्या पलीकडे नव्या इमारती झाल्या तिथे त्याचं बिऱ्हाड, आणि कामाचं ठिकाण अलीकडे, शहराच्या या टोकाला. साडेआठची हजेरी. रविवारीसुद्धा कुठे ना कुठे कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे त्याचा रविवारही कंपनीचा. पण रोज सकाळी सात बावन्नला त्याची पांढरी व्हॅन रॅम्पवरून उतरून आईच्या खिडकीसमोर थांबायची. चारही दिवे लुकलुकते ठेवून तो खाली उतरायचा, गजांमधून डबा आत सरकवायचा आणि कालचा रिकामा डबा घ्यायचा. गोळी घेतलीस का, पाय सुजला नाही ना, एवढं विचारून होईपर्यंत मागच्या गाड्या भोंगे मारायला लागायच्या. तो आईच्या हातावर हात ठेवायचा आणि पळायचा. सगळं मिळून दोन मिनिटं. मला वरून सगळं दिसायचं, कारण भोंग्यांनी मीही खिडकीत आलेलो असायचो.

आत यायला त्याला सवडच नव्हती. व्हॅन उभी करायला बोटभर जागा नाही. दोन वर्षांत कामाच्या दिवशी तो एकदाही घरात बसला नव्हता. बाईंनी दाराजवळ एक खुर्ची मांडून ठेवली होती, नवी गादी शिवून घातली होती. तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. मी एकदा बसायला गेलो तर म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही इकडे पलंगावर बसा. मी समजायचं ते समजलो.

भांडण पेटलं ते माझ्या नातीमुळे. ती नऊ वर्षांची. शाळेला निघाली असताना एका गाडीच्या दाराच्या कडीत तिच्या दप्तराचा पट्टा अडकला आणि ती दहा-बारा पावलं फरपटत गेली. पट्टा तुटला म्हणून वाचली. निवृत्त हेडमास्तर आमच्या गल्लीचे स्वयंघोषित पुढारी. त्यांनी सभा बोलावली आणि एकच मागणी मांडली, रॅम्प बंद करा. मी त्याच बैठकीत अर्ज लिहिला. खोटं कशाला बोलू, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला अर्ज होता.

विरोध केला तो बेकरीवाल्याने. त्याचा निम्मा पाव सकाळच्या गाड्यांतले लोक काच खाली करून घेऊन जायचे. तो म्हणाला, तुम्हाला शांतता हवी आणि मला भट्टी चालवायचीय. हेडमास्तर त्याला स्वार्थी म्हणाले, त्याने हेडमास्तरांना रिकामटेकडे म्हटलं. महिनाभर निम्मी गल्ली बेकरीकडे पाठ फिरवून चालायची आणि पाव मात्र दुसऱ्याच्या हातून त्याच्याचकडून मागवायची.

रस्तेखात्याचे साहेब आले. त्यांनी नियम दाखवला. सकाळच्या गर्दीच्या तासात बाहेरच्या गाड्या सरासरी सहाशे भरल्या तर रॅम्प सहा महिने बंद ठेवून बघता येईल. दहा दिवस मोजायचं, म्हणजे एकूण सहा हजार. गल्लीतल्यांच्या गाड्या आणि गल्लीत कुणाकडे आलेल्यांच्या गाड्या वजा करायच्या. मोजायचं यंत्र खात्याकडे एकच होतं आणि ते बिघडलेलं. दोन्ही बाजूंना मान्य असेल असा माणूस मोजायला बसवा, म्हणाले. हेडमास्तरांनी तोंड उघडायच्या आत बेकरीवालाच बोलला. "चेकरबाई मोजणार असतील तर माझी काही तक्रार नाही. त्यांनी नवऱ्याला सोडलं नाही, तर तुम्हाला काय सोडतील?" सगळे हसले. बाईही हसल्या, पण गालाला रंग चढला होता. कित्येक वर्षांनी कुणीतरी त्यांना कामावर बोलावत होतं.

दहा दिवस त्या खिडकीत साडेसात ते साडेआठ अशा बसल्या की मागून घराला आग लागली असती तरी उठल्या नसत्या. प्रत्येक पाच मिनिटांना वेगळा चौकोन. गल्लीतल्या गाड्या त्यांना नंबरानिशी पाठ, त्यांच्या रेघेवर टिंब. दहाव्या दिवशी त्यांनी बेरीज करून, खाली सही करून कागद माझ्याकडे दिले. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून साहेबांकडे द्यायचे होते. एकूण गाड्या सहा हजार पासष्ट. वजा एकसष्ट. राहिल्या सहा हजार चार.

मी आनंदाने जवळजवळ ओरडलोच. पण सवयीने टिंबं मोजून घेतली. एकाहत्तर भरली. पुन्हा मोजली. एकाहत्तरच. मग चौकोन बघत गेलो तेव्हा कळलं. दहाही दिवस, सात पन्नास ते सात पंचावन्नच्या चौकोनात, एक टिंब होतं. हाताने आपलं काम बिनचूक केलं होतं. शेवटच्या वजाबाकीत मात्र ती दहा धरलेली नव्हती. धरली असती तर उरले असते पाच हजार नऊशे चौऱ्याण्णव. सहांनी रॅम्प वाचला असता.

मी खाली गेलो. वहिनी, वजाबाकीत दहाचा फरक येतोय, म्हणालो. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"तो गल्लीत येत नाही, भाऊजी. तो गल्लीतून जातो," त्या म्हणाल्या.

मग त्या स्वतःहूनच बोलल्या, जरा घाईघाईने. गाड्या बंद झाल्या की तो गल्लीच्या खालच्या बाजूच्या पुलावरून येईल. पुलावरून दहाच मिनिटं जास्त लागतात, त्यांनी त्याला विचारून घेतलं होतं. व्हॅन दारात लावता येईल. चहा घेईल. "बसेल तरी," त्या म्हणाल्या आणि खुर्चीकडे बघितलं.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. नवऱ्याचे तीन डबे लिहिणारी बाई आपल्या पोराची दहा टिंबं गिळतेय, तर तिला आतून काय होत असेल, हे विचारायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तुटलेला दप्तराचा पट्टा होता. मी वर गेलो, स्वच्छ कागदावर सहा हजार चार लिहिलं आणि टिंबांचे मूळ कागद ट्रंकेत तळाशी ठेवले.

रॅम्प बंद झाला तो सोमवार होता. वरच्या टोकाला काँक्रीटचे मोठे ठोकळे आणून टाकले. सकाळचे आठ वाजले तरी गल्लीत चिटपाखरू नाही. लोक पायऱ्यांवर येऊन उभे राहिले आणि एकमेकांकडे बघून उगाचच हसले. माझी नात रस्त्याच्या मधोमध सायकल चालवत गेली, आणि मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. आठ वाजून चार मिनिटांनी पांढरी व्हॅन खालच्या टोकाने आली आणि बाईंच्या दारात उभी राहिली. मुलगा उतरला. आत गेला. नऊ मिनिटं बसला. बाईंनी दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला सांगितलं, नऊ मिनिटं. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, केलं ते बरंच केलं.

मंगळवारीही तो बसला, पाच मिनिटं. बुधवारी व्हॅन आलीच नाही.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की आमच्या गल्लीतून गेलेल्या सहाशे गाड्या काही हवेत विरणार नव्हत्या. त्या पुलावर गेल्या. दहा मिनिटांचा तो पूल आता पन्नास मिनिटांचा झाला. बाईंनी मुलाला विचारलं होतं ते रिकाम्या पुलाबद्दल. जन्मभर मोजणाऱ्या बाईने एवढी एक गोष्ट मोजली नव्हती. मीही नव्हती, आणि हेडमास्तरांना तर अजूनही पटलेली नाही. मुलाला एका आठवड्यात तीनदा उशीर झाला, लेखी ताकीद मिळाली. मग तो थेट हायवेने पुढच्या रॅम्पवरून कामावर जायला लागला. आमची गल्ली त्याच्या वाटेवर राहिली नाही.

सुरुवातीला तो सात बावन्नला फोन करायचा. बाई साडेसातपासून फोन मांडीवर घेऊन बसायच्या. पण गाडी चालवताना फोनवर बोलतोय म्हणून पोलिसांनी पकडलं, तेव्हापासून त्याचा फोनही सकाळचा राहिला नाही. दुपारी कधी, संध्याकाळी कधी, लिफ्टच्या खड्ड्यातून बोलायचा तेव्हा आवाज तुटायचा. महिन्यातून एखादा रविवार येतो. येतो तेव्हा त्याच खुर्चीवर बसतो, आणि निम्मा वेळ झोपतो. बाई त्याला उठवत नाहीत.

डब्याचं काम काही दिवस बेकरीवाल्याने उचललं. भांडण विसरून तो रोज सकाळी पाव आणि सूप घेऊन यायचा आणि खिडकीतून द्यायचा. "घ्या, तुमच्या शांततेचा नाश्ता," असं म्हणायचा, आणि दोघं हसायचे. बाईंना ते हसणं किती महाग पडत असेल याची त्याला कल्पना नव्हती. चौथ्या महिन्यात त्याने भट्टी विझवली आणि पुलाजवळ गाळा घेतला. तिथे म्हणे गाड्या हलतच नाहीत, त्यामुळे पाव फार खपतो. निघताना बाईंच्या पाया पडला. तुम्ही मोजलंत म्हणून माझं मन साफ आहे, म्हणाला. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. तेव्हापासून डबा माझी बायको करते आणि मी खाली पोचवतो.

आता रस्ता ओलांडायला बाईंना कुणाची भीती नव्हती. चाळीस सेकंद काय, चाळीस मिनिटं लावली असती तरी चाललं असतं. पण त्या बाहेर पडायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, चला, वहिनी, वरच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. गेलो आम्ही. काँक्रीटच्या ठोकळ्यांशी त्या वॉकर टेकून उभ्या राहिल्या. पलीकडे हायवेवरून गाड्या जात होत्या, ओळीने. बराच वेळ बघून म्हणाल्या, यात पांढऱ्या फार आहेत. मग आम्ही परत फिरलो.

एकदा डबा द्यायला गेलो तर मांडीवर कागद होता. सात पन्नास ते सात पंचावन्नचा चौकोन आखलेला, तारीख घातलेली, आत काहीच नाही. खाली अशाच तारखांचे आणखी चौकोन. मी डबा ठेवला आणि निघालो. त्यानंतर रोजच डबा लवकर ठेवून निघायची मी घाई करायचो.

सहा महिने पुरे झाले तेव्हा साहेब पुन्हा आले. शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. रॅम्प कायमचा बंद करायचा का, एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. हेडमास्तर भाषण तयार करून आले होते. त्यांनी कागद उलगडला तेवढ्यात दारातून वॉकर आपटल्याचा आवाज आला. बाई एकट्या चालत आल्या होत्या. कुणीतरी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"साहेब, माझी मोजणी चुकीची आहे," त्या म्हणाल्या. "दहा गाड्या वजा करायच्या होत्या. माझ्या मुलाची व्हॅन. मी केल्या नाहीत. खरा आकडा पाच हजार नऊशे चौऱ्याण्णव."

साहेबांनी फायलीत बघितलं, मुलगा कुठे राहतो ते विचारून घेतलं. तुमचा मुलगा या गल्लीतून कामावर जात होता ना, मग ती गाडी बाहेरचीच की, असं त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं.

"तो येत होता," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे येत होता. रोज."

मग हेडमास्तर उठले, त्यांच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवून फार मायेने बोलले. ताई, तुम्ही किती सोसलंय ते आम्हाला ठाऊक आहे. वयाने असं होतं, जुने आकडे डोक्यात फिरत राहतात. तुम्ही आयुष्यात कधी चुकीचं मोजलं नाही, आणि तुमच्या या आकड्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. लोकांनी माना हलवल्या. एकतीस वर्षं आणि वर आमच्या गल्लीची पंधरा, बाईंच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. आज त्या खरं सांगत होत्या आणि सगळा हॉल त्यांच्याकडे दयेने बघत होता.

साहेब मात्र कामाचे होते. ते म्हणाले, मोजणीचे मूळ कागद असतील तर मी हे परत वर पाठवू शकतो, नाहीतर माझे हात बांधलेले आहेत. मूळ कागद कुणाकडे होते?

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच.

हॉलच्या खिडकीतून गल्ली दिसत होती. माझी नात आणि दोन मुली सायकलींवर गोल गोल फिरत होत्या, रस्त्याच्या अगदी मधोमध. माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं. धंदाच तो माझा.

"स्वच्छ प्रत दिल्यावर मूळ कागद ठेवले नाहीत, साहेब," मी म्हणालो. "सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं."

साहेबांनी फाइल मिटली. ठराव पाच मिनिटांत पास झाला. टाळ्या वाजल्या तेव्हा बाई दाराशी पोचल्या होत्या. मी मागून गेलो. घरापर्यंत आम्ही चालत आलो, त्या पुढे, मी दोन पावलं मागे. रस्ता मोकळा होता, उन्हात पांढरा दिसत होता. वॉकर उचलायचा, ठेवायचा, पाऊल टाकायचं. मी माफी मागायची जुळवाजुळव करत होतो, आणि मला एकही खरं वाक्य सुचत नव्हतं.

तीन पायऱ्यांशी त्या थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कागद फाडलेत का, भाऊजी?"

"नाही," मी म्हणालो.

"मग नीट ठेवा." कठड्याला धरून त्या पहिली पायरी चढल्या. "तो दहा दिवस आला होता, ते कुठेतरी लिहिलेलं असू दे."

मी मान हलवली. त्या आत गेल्या, दार लावलं, आणि मी जिना चढून वर आलो.